हलक्या पायाचा ब्रेक

९ नोव्हेंबर

ती. बाबांस ठमीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घरी न धाडता मुद्दाम तुमच्या बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर धाडते आहे. शेजारचा किल्लीवाला तुमच्या हातात देईल. आईला यातलं एक अक्षर कळू द्यायचं नाही. तिचं ब्लडप्रेशर आताच कुठे जागेवर आलंय. फोन केला तर उचलणार तीच, आणि तुमच्या कानांची ही तऱ्हा, म्हणजे सगळं तिच्याच तोंडून तुमच्यापर्यंत जाणार. त्यापेक्षा पत्र बरं.

तर तुम्ही दिलेल्या गाडीविषयी. बाबा, मंगळवारी आम्ही दोघी मायलेकी मरता मरता वाचलो. आमचं घर वर डोंगरावर, माझं पाणीशुद्धीकरण केंद्र खाली, आणि मुंगीची शाळा केंद्राच्या फाटकासमोर. मधे अकरा वळणं. सकाळी इतकं धुकं असतं की गाडीचं बॉनेटसुद्धा परक्याचं वाटतं. सातव्या वळणाआधी मी ब्रेक लावला आणि मागून असा कर्णा वाजला की मुंगी किंचाळलीच. आरशात बघते तर दुधाचा टँकर. आमच्या मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर तो कसाबसा थांबला होता. टँकरवाला उतरून आला. मला वाटलं, शिव्या देईल. पण त्याने मागच्या दिव्यांकडे बोट दाखवलं. म्हणाला की ताई, तुमचे ब्रेकचे दिवे लागतच नाहीत, तुम्ही थांबताय हे मला कळणार कसं? मागे बसलेल्या मुंगीकडे त्याने एकदा पाहिलं आणि परत गेला.

मी तशीच खालच्या मेकॅनिककडे गेले. त्याने खिडकीतून पाय आत घालून ब्रेकवर दणकन दाबला, पोराने मागून ओरडून सांगितलं की दोन्ही दिवे झकास लागताहेत. मग मेकॅनिक हसला आणि म्हणाला की धुक्यात टँकरवाल्यालाच दिसलं नसेल. मीही हसले, पण भीती गेली नाही. पुढून काही आलं तर मला दिसेल तरी, पण माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसतच नाही.

हे बोगद्याच्या कामावर असतात, पंधरवड्यातून एकदा येतात. तेव्हा विचारायला तुम्हीच. काय करू ते सविस्तर लिहा. आणि मुंगीला पुढे बसवू की मागे?

लोभ आहेच, पण उत्तर लोभापेक्षा लवकर यावं.

तुमची ठमी


१३ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र किल्लीवाल्याने आणून दिलं. आईने विचारलं की कुणाचं पत्र, तर मी म्हटलं जुन्या विद्यार्थ्याचं. तूही एके काळची विद्यार्थिनीच, म्हणजे अगदीच थाप नव्हे.

आधी एक सांगतो. घाबरलीस हे उत्तम झालं. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत जो पहिल्या दिवशी घाबरायचा नाही त्याला मी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नेत नसे. पण तुझा तो मेकॅनिक म्हणजे रोग्याची नाडी न बघता औषध देणारा वैद्य दिसतो. एकदा लागला म्हणजे नेहमी लागतो, असं दिव्याचं नसतं.

आता नीट वाच. पहिला संशय बल्बवर. बाहेरून चांगला दिसतो, पण आतली तार तुटून नुसती टेकलेली असते. गाडी हलली की सुटते. दोन्ही बल्ब नवे घाल. दुसरा संशय होल्डरवर, तिथे गंज चढतो, तो पॉलिश पेपरने घासून काढ. तिसरा संशय अर्थिंगच्या वायरीवर. डिकीचं कापड उचललंस की डाव्या अंगाला पत्र्यावर एका स्क्रूने ती बसवलेली दिसेल. तो स्क्रू काढ, खालचा पत्रा खरवडून लख्ख कर, परत घट्ट बसव. हे सगळं झालं की गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाब. भिंत लाल झाली पाहिजे. एकटीला बघता येतं, मेकॅनिकच्या पोराची गरज नाही.

मुंगी मागेच बसेल. लहान मुलाची जागा मागची. बावीस वर्षं हेच शिकवलं, तुझ्यासाठी बदलणार नाही.

आणि पाय हलका ठेव. उतारावर घाबरून ब्रेकवर उभी राहू नकोस. ब्रेकला हुकूम सोडायचा नसतो, त्याला हळूच विचारायचं असतं. आठवतंय ना, मी पुढे पाण्याने भरलेली वाटी ठेवायचो आणि एक थेंब सांडला तरी तुला परत पहिल्यापासून चालवायला लावायचो? तू रडायचीस आणि आई माझ्यावर ओरडायची.

दिवे ठीक झाले की दोन ओळी टाक. तोवर इथे माझं अन्न गोड लागत नाही, हेही कबूल करतो. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझे बाबा


१९ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. दोन्ही बल्ब नवे. होल्डर घासून बोटं हिरवी झाली. अर्थिंगचा स्क्रू काढताना डिकीत कमरेपर्यंत शिरले होते, मुंगीला वाटलं मी आत राहायलाच गेले. मग घरामागच्या भिंतीला पाठ करून गाडी लावली, ब्रेक दाबला, भिंत लालभडक. मुंगीने टाळ्या वाजवल्या. त्या रात्री पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

आणि सोमवारी परत तेच. या वेळी मागे आमच्या केंद्रातले केमिस्टकाका होते, मोटारसायकलवर. खाली आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले की मी मुद्दाम मोजत आलो, अकरा वळणांत दिवा दोनदाच लागला. फक्त दोनदा, बाबा! ते नेहमी थट्टा करणारे, पण त्या दिवशी त्यांना चहासुद्धा सुचला नाही.

पुन्हा मेकॅनिककडे. त्याने पुन्हा पाय आपटला, पुन्हा दिवे लागले. आता तो माझ्याकडे बघतच नाही, आमच्या ह्यांना फोन करून म्हणाला की वहिनींना भास होतात, थोडी विश्रांती द्या. आणि ह्यांनीही मला विश्रांतीबद्दलच लिहिलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. मला कधी कधी खरंच वाटतं की मीच वेडी. उभी असले की दिवे लागतात, चालायला लागले की विझतात. मला बघून चेष्टा करतात की काय?

बस नऊला येते आणि माझी पाळी सातची. दोन दिवस मुंगीला शेजारी ठेवून एकटी गेले, पण ती दारात बसून राहिली, जेवली नाही. म्हणून परत नेते. काच उघडी ठेवून थंडीत हात बाहेर काढून दाखवत उतरते. धुक्यात हात कुणाला दिसणार, पण मनाची समजूत. आणि तुमचं ऐकून पाय आणखी हलका केलाय. वाटीतलं पाणीच काय, वाटीतलं दूधही हलणार नाही, इतका. मागच्याला एकदम दचकायला नको.

तरी प्रत्येक वळणावर माझी पाठ ताठ होते. कुणीतरी येऊन आदळणार, आत्ता आदळणार, असं वाटत राहतं. मुंगी मागून विचारते की आई, तू गाणं का म्हणत नाहीस. तिला काय सांगू?

बाबा, आणखी काय तपासायचं ते लवकर लिहा. मला फार भीती वाटते आहे. माया आहेच, ती या वेळी पोस्टाच्या आधी पोचो.

ठमी


२३ नोव्हेंबर, दुपारी पाऊण वाजता

चि. ठमे,

आशीर्वाद लिहायला वेळ नाही. गाडी हलवू नकोस. हे वाचशील तेव्हा जिथे असेल तिथे उभी ठेव.

तुझं पत्र मी किल्लीवाल्याच्या दुकानातच फोडलं. तो वाटीचा मजकूर वाचला आणि तिथेच त्याच्याकडून कागद मागून लिहायला बसलो. बल्ब नाही, होल्डर नाही, अर्थिंग नाही. मी आहे तो. मीच.

ब्रेकच्या पेडलचा दांडा वर जिथे जातो तिथे, स्टीअरिंगच्या खाली, बोटाएवढा एक स्विच आहे. त्याच्या टोकाला बटण. पेडल मोकळं असलं की दांडा ते बटण दाबून धरतो आणि दिवा बंद राहतो. पेडल जरा खाली गेलं की बटण सुटतं आणि दिवा लागतो. ही गाडी शाळेत होती तेव्हा नवशिकी पोरं-पोरी ब्रेकवरून पाय काढतच नसत. नुसता पाय टेकलेला, आणि मागचा दिवा अखंड जळतोय. मग मागचे लोक कर्णे वाजवायचे आणि नवशिक्याची गाळण उडायची. म्हणून मी तो स्विच दांड्याकडे तीन फेरे आत फिरवून ठेवला. म्हणजे नुसता पाय टेकून दिवा लागायचा नाही, चांगला दाबला तरच लागायचा. आठ वर्षं गाडी तशीच चालली.

शाळा बंद केली, तुला गाडी द्यायची ठरली, तेव्हा माझ्या बाजूचं दुसरं पेडल काढलं, रंग दिला, मागची शिकाऊची मोठी लाल पाटी काढली. स्विच परत फिरवायचा राहिला. ध्यानातच आलं नाही. मेकॅनिक पाय आपटतो म्हणून त्याचे दिवे लागतात. भिंतीपाशी तूही जोरात दाबला असशील. आणि रस्त्यावर तू मी शिकवल्यासारखी चालवतेस. जितका पाय हलका, तितका दिवा उशिरा. आणि मी तुला लिहिलं की पाय हलका ठेव!

दीड वाजता. आईला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, सरळ तुझ्या केंद्रात फोन लावला. मला ऐकू येत नाही, मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तिचं तोंड उतरत गेलं. तिने पाटीवर लिहून दाखवलं की ठमी आज रजेवर आहे, मुंगीला खालच्या शहरात दाताच्या डॉक्टरकडे नेते आहे, साडेबाराच्या सुमाराला निघणार होती.

अडीच. तुझ्या घरचा फोन कुणी उचलत नाही.

साडेतीन. दात दाखवायला किती वेळ लागतो? मी आईला सारखं तेच विचारतोय. ती मला पाणी देते आणि फोन फिरवते. तिला बिचारीला औषधाची गोळी द्यायची राहिली, ती आत्ता दिली. ठमे, मी देवासमोर कधी हात जोडले नाहीत, आज ते कसे जोडायचे तेही धड समजेना.

साडेपाच. अजून


२५ नोव्हेंबर

मुंगीच्या आजोबांस नमस्कार, वि. वि.

बस वेळेवर पोचली. परवा संध्याकाळी फोनवर जे कळलं ते तुम्हाला पाटीवर तीन शब्दांत लिहून दाखवलं होतं, आता सविस्तर लिहिते. तुम्ही घरी एकटे काय काय कल्पना करत बसला असाल ते मला ठाऊक आहे.

आठव्या वळणावर मागून भाजीचा टेम्पो आदळला. डिकी पार आत गेली. मुंगीच्या डाव्या हाताचं हाड मोडलं, कपाळाला चार टाके पडले. पुढचं सीट डोक्याला लागलं. ठमीच्या मानेला पट्टा आहे, बाकी धडधाकट. टेम्पोवाला रडत होता, त्यानेच दोघींना दवाखान्यात नेलं. त्याने पोलिसांना सांगितलं की दिवा लागलाच नाही, आणि ठमीने सांगितलं की हा खरं बोलतोय. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, टेम्पो भरलेला असता तर काही सांगता आलं नसतं. हे वाक्य मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला कळू न देण्याचं जे पुण्य तुम्ही बापलेकींनी जोडलंत त्याचा हिशोब मी नंतर करीन.

मुंगी बोलत नाही. म्हणजे पाणी दे, दुखतंय, एवढंच. खिडकीखालून एखादी गाडी गेली की माझा पदर घट्ट धरते.

तुम्ही येऊ नका. हे मी नाही म्हणत, ठमी म्हणते. तुमचं अर्धवट राहिलेलं पत्र मी सोबत आणलं होतं, ते तिने वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली की आत्ता बाबांना इथे आणू नकोस. मी तिच्याशी वाद घातला नाही. भाताचा डबा वरच्या फळीवर आहे, गोळ्या वेळेवर घ्या.

ठमीची आई


२ डिसेंबर

बाबा,

नमस्कार खाली लिहीन, जमला तर.

मला तुमचा राग आलाय. इतका, की चार पत्रं लिहून फाडली. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला कळतं. पण रात्रंदिवस मी स्वतःला वेडी समजत होते, बाबा. माझा नवरा मला वेडी समजत होता. आणि तुम्ही स्क्रू घासायला सांगत होतात आणि वाटीच्या आठवणी काढत होतात. मुंगीला टाके घालताना तिने माझं बोट धरलं होतं, मला सोडू नको म्हणत होती, आणि मला काय आठवावं? तुमचा हलका पाय! मी त्या दिवशी इतका छान ब्रेक लावला होता की मुंगीच्या हातातला पेलासुद्धा हलला नाही. आणि मग टेम्पो.

गाडी परवा पत्रेवाल्याकडून आली. स्विच मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. तुमचं पत्र मांडीवर ठेवून, मानेला पट्टा असताना, पेडलखाली उताणी झोपले. अंगठ्याच्या मापाचा तो स्विच हाताला लागला तेव्हा मला त्याचा असा संताप आला की पान्याने तोडूनच टाकावा. नट सैल केला. तीन फेरे मागे. आईला मागे उभं केलं होतं. तिने सांगितलं की अजून अर्धा फेरा. दिला. मग नट आवळला आणि नुसतं करंगळीने पेडल दाबलं. आई म्हणाली लागला. बोट काढलं, विझला. दहा वेळा केलं. मग पाय ठेवून दहा वेळा. मग तशीच सीटवर बसून मी भोकाड पसरून रडले, आई दार उघडून नुसती उभी राहिली.

ह्यांनी येऊन माफी मागितली. मेकॅनिकने नाही मागितली, पण आता पेडल दाबताना पाय आपटत नाही म्हणे.

सोमवारपासून कामावर जायचंय. दिवे ठीक आहेत. मी ठीक नाही.

ठमी


६ डिसेंबर

चि. ठमीस,

आशीर्वाद द्यायचा अधिकार आहे की नाही ठाऊक नाही, तरी देतो. तो फुकट असतो, नको असेल तर घेऊ नकोस.

तू रागावलीस ते योग्य केलंस. मी समजावणीचं काही लिहिणार नाही. फक्त एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही, आईलाही नाही. आठ वर्षं ती गाडी उशिरा लागणाऱ्या दिव्याने रस्त्यावर फिरली, रोज सहा-सहा नवशिके, आणि एकदाही मागून कुणी आदळलं नाही. मी छाती काढून सांगायचो की माझ्या शाळेचा एकही अपघात नाही, हा माझ्या शिकवणीचा प्रताप. आता वाटतं, माझी कसली शिकवण! मागे ती लाल पाटी होती. ती बघून लोकच लांब राहायचे. आम्हाला मागच्यांनी सांभाळलं आणि मानाचा फेटा मी डोक्यावर चढवून बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाटी काढून मी तुला रस्त्यावर सोडलं, एकटीला.

परवा मी आमच्या चौकात अर्धा दिवस उभा राहिलो. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे मागचे दिवे बघत. तीन गाड्यांचे लागत नव्हते. तिघांनाही थांबवून सांगितलं. एक जण माझ्यावर खेकसला. ऐकू आलं नाही, तोंडावरून कळलं. मी त्याला परत सांगितलं.

मुंगीला काही विचारू नकोस, बोलेल तेव्हा बोलेल. मला इथे राहायला सांगितलंस, मी राहतो. शेवटी लोभ असावा असं लिहितात. या वेळी तो मागायला हात पुढे होत नाही. शिल्लक असेल तर कळव, नसेल तरी कळव.

बाबा


१० डिसेंबर

ती. बाबांस ठमीचा नमस्कार. पूर्ण आहे, अर्धा नाही.

राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतं, पण कधी ते सांगता येत नाही, आणि खोटं लिहायची मला सवय नाही, ती तुम्हीच लावली नाहीत.

सोमवारी मी गाडी काढली. मुंगी दारापाशी आली, मागचं दार उघडलं, आणि तिथेच उभी राहिली. पुढे बस म्हटलं तर नाही. मागे बस म्हटलं तरी नाही. आई तिच्याशेजारी बसायला तयार होती, तर मुंगीने मान हलवली. तेरा-चौदा दिवसांत पहिल्यांदा ती पूर्ण वाक्य बोलली, बाबा. म्हणाली की आजीला मागे वळून बघता येत नाही, तिची मान दुखते. आजोबांना ऐकू येत नाही, पण त्यांना दिसतं. ते मागे माझ्याजवळ बसतील आणि वळून बघत राहतील, कुणी जवळ आलं तर सांगतील.

मी त्या दिवशी रजा घेतली. आजही घेतली. तिच्याशिवाय मी जाणार नाही आणि तुमच्याशिवाय ती बसणार नाही.

शनिवारी दुपारच्या बसने या. मी गाडी घेऊन स्टँडवर येईन, तिथवर एकटी. तिथून वर चढताना तुम्ही मागच्या सीटवर बसायचं.

ठमी